यंदाच्या १९ ऑगस्टला एक भिंत मोकळी ठेवा
महाराष्ट्रातल्या फोटोग्राफर संघटनांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व पदाधिकारी,
तालुका व जिल्हा फोटोग्राफर संघटना

स. न. वि. वि.

जुलै संपत आला की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. जागतिक छायाचित्रण दिनाला हॉल कुठला घ्यायचा, पाहुणे कोण बोलवायचे, बॅनरवर कुणाकुणाचे चेहरे टाकायचे, जेवणाला काय ठेवायचं. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी २८ वर्षं स्टुडिओ चालवतो. त्यातली २२ वर्षं संघटनेचा सभासद आहे आणि दोन वेळा खजिनदार होतो. त्यामुळे १९ ऑगस्टचा हिशोब मी माझ्या हाताने वहीत उतरवलेला आहे. मंडप, साउंड, शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं, बॅनर, जेवण. त्या दोन्ही वर्षांच्या वहीत फोटोच्या प्रिंटवर किंवा एखाद्या पुस्तकावर रुपया खर्च झाल्याची नोंद नाही. तेव्हा वही माझ्याच हातात होती, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात मीही आलोच.

संघटनेने माझ्यासारख्यांना काय दिलं ते मी विसरलेलो नाही. रात्री दोन वाजता लग्न उरकून परतताना अपघातात गेलेल्या सभासदाच्या घरी सगळ्यात आधी आपली माणसं पोचली, त्याच्या राहिलेल्या ऑर्डरी वाटून घेतल्या आणि पैसे वहिनींच्या हातात दिले. २०२० ची लग्नसराई पूर्ण बुडाली तेव्हा घरोघरी धान्य गेलं. कॅमेऱ्याची बॅग चोरीला गेली की पोलीस ठाण्यात चार माणसं सोबत येऊन बसतात. रक्तदानाची शिबिरं होतात, ती व्हावीत. यातलं काहीही बंद करा असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं कुठल्याही व्यवसायाच्या संघटनेने केलं असतं. फोटोग्राफरांची संघटना म्हणून आपण फोटोसाठी काय करतो? एकमेकांचे फोटो आपण कधी बघतो? आणि जे एकाला येतं ते दहा जणांना शिकवायची काय सोय आपण केली आहे?

ज्या तारखेला आपण कॅमेऱ्याला हार घालतो, त्या तारखेला काय घडलं होतं ते आठवावं. १९ ऑगस्ट १८३९. दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने फोटो काढायची जी पद्धत शोधली, त्या शोधाची बातमी जानेवारीतच पॅरिसमध्ये फुटली होती, त्यामुळे तो शोधाचा दिवस नव्हे. त्या दिवशी विज्ञान आणि ललित कला या दोन्ही अकादमींच्या एकत्र बैठकीत आरागो नावाच्या शास्त्रज्ञाने ती पद्धत कशी चालते ते सगळ्यांसमोर उलगडून सांगितलं. चांदीचा मुलामा दिलेला पत्रा कसा घासायचा, आयोडीनची वाफ कशी द्यायची, पाऱ्याच्या वाफेने चित्र कसं वर आणायचं. ते सांगून टाकता यावं म्हणून फ्रान्सच्या सरकारने दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याचा दिवंगत भागीदार निएप्सच्या मुलाला ४,००० फ्रँक पेन्शन बांधून दिली. (इंग्लंडमध्ये मात्र दागेरने काही दिवस आधीच पेटंट घेऊन ठेवलं होतं, तेही खरं.) म्हणजे आपला सण हा मुळात विद्या उघडी करण्याचा दिवस आहे. त्या दिवशी आपण शाल देतो, पण काही सांगत नाही, याची मला खंत आहे.

ही खंत कुठून आली ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमच्या भागात पाणी आठवडाभर उतरलं नाही. उतरल्यावर घराघरांत चिखल, आणि तो काढता काढता बायकांच्या हाताला लागले ते लग्नाचे अल्बम. माझ्या स्टुडिओचं शटरसुद्धा अजून नीट वर होत नव्हतं, तरी लोक येऊन उभे राहिले. कुणाच्या पिशवीत, कुणाच्या घमेल्यात अल्बम. एक साठीच्या आजी आल्या. अल्बम १९८७ चा, काळ्या कागदावर कोपरे लावून बसवलेले फोटो, मध्ये बटर पेपर. पाण्याने सगळं फुगून एक वीट झाली होती. म्हणाल्या, "मालक गेलेत माझे. यातला एक तरी निघतो का बघा."

मी बघितलं. एक कोपरा सुटतोय असं वाटलं म्हणून हलक्या हाताने ओढला. फोटो निघाला, पण चेहऱ्यावरचा थर समोरच्या बटर पेपरला चिकटून गेला. हातात राहिला तो पांढरा कागद, कडेला अंतरपाटाचं टोक आणि मुंडावळीचे दोन मणी. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो कागद पदराने टिपला आणि परत पिशवीत ठेवला.

असले ओले फोटो ओढायचे नसतात. वाळून चिकटले असतील तर स्वच्छ गार पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, सुटले की चित्र वर ठेवून सावलीत वाळवायचे. एकाच वेळी सगळं आवरणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं. इंकजेट प्रिंटला मात्र पाणी लावताना फार जपायचं, शाई सुटते. हे जगभरातल्या संग्रहालयांत रोजचं ज्ञान आहे. माझ्यापर्यंत ते पोचलं दीड महिन्याने, तेही माझ्या पुतणीने इंग्रजीतून वाचून सांगितलं म्हणून. तोवर आमच्या तालुक्यात किती अल्बम आमच्याच हातांनी गेले, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्याच महिन्यात आमच्या संघटनेने १९ ऑगस्टचा कार्यक्रम पूरग्रस्तांसाठी रद्द केला, ते योग्यच होतं. पण त्या दिवशी एका पानावर मराठीत या चार ओळी छापून वाटल्या असत्या तर त्या शालीपेक्षा आणि कदाचित धान्यापेक्षाही काही घरांना जास्त लागल्या असत्या. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. तेव्हाही ते पान कुणाकडे नव्हतं.

वर्कशॉप होतात की, असं तुम्ही म्हणाल. होतात. गेल्या काही वर्षांत मी अशा ११ वर्कशॉपना बसलो. कुठली कंपनी, कुठला ब्रँड, ते इथे सांगायचं कारण नाही, कारण साचा एकच असतो. मंगल कार्यालयात स्टेज, स्टेजवर लेहंगा घातलेली मॉडेल, चार मोठे लाइट, धुराचं मशीन. समोर ३०० खुर्च्या. मार्गदर्शक हिंदी-इंग्रजीत बोलतात, मॉडेल वळते, ३०० जण उभं राहून एकाच वेळी शटर दाबतात. सगळ्यांच्या कार्डात एकच फोटो. आमच्या एका तरुण सभासदाने हात वर करून मराठीत विचारलं, "सर, आमच्याकडे हॉलमध्ये वर पिवळे दिवे असतात, मागे निळी एलईडी वॉल आणि व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट नवरीच्या तोंडावर. तिथे काय करायचं?" उत्तर आलं की नव्या मॉडेलचा लाइट घ्या, जेवणानंतर स्टॉलवर डेमो आहे. तो पोरगा खाली बसला. त्याने परत प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही.

कंपनीने माल विकावा, तो तिचा धंदा आहे. पण त्या पोराचा प्रश्न आपला होता आणि त्याचं उत्तर त्याच हॉलमध्ये बसलेल्या किमान दहा जणांना येत होतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मिचकावतात, आणि म्हणून १/५० किंवा १/१०० सेकंदावर शटर ठेवलं की फोटोत पट्टे येत नाहीत. मिररलेस कॅमेऱ्यावर आवाज न होणारा सायलेंट मोड लावून मंगलाष्टकं काढली तर एलईडीखाली नवरा-नवरीच्या चेहऱ्यावरून आडव्या पट्ट्या जातात. घरी येऊन स्क्रीनवर बघेपर्यंत कळत नाही आणि अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत. एलईडी वॉलचा वेग दिव्यांपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे मुहूर्ताच्या आधी तिथेच उभं राहून तीन-चार शटर स्पीडवर फोटो काढून बघणं हाच उपाय. व्हिडिओवाल्याशी सकाळी चहाच्या वेळी बोलून त्याचा लाइट कुठे राहणार ते ठरवणं हेही तंत्रच आहे, आणि ते कुठल्याच व्हिडिओत सापडत नाही. हे आम्ही धक्के खाऊन शिकलो. आमच्या असिस्टंट पोरांनीही धक्के खाऊनच शिकावं का?

ज्यावर आपण कधीच बोलत नाही अशी एक गोष्ट मला इथे लिहायची आहे. नवरी गोरी करून देणं. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, सांगते, "जरा उजळ करा," आणि आपण करतो. मी पंधरा वर्षं केलं. अल्बम डिझाइनला बसलं की पहिला हात चेहऱ्यावर. हळूहळू असं झालं की गावातल्या सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या, आणि आई-वडिलांच्या शेजारी उभी असलेली मुलगी त्यांची वाटेना. एक दिवस एका मुलीने अल्बम उघडला, दोन पानं बघितली आणि आपल्या नवऱ्याला विचारलं, "मी अशी दिसत नाही का म्हणून असं केलंय?" मला उत्तर देता आलं नाही. सावळ्या त्वचेवर लाइट कसा टाकायचा, एक्सपोजर कुठे मोजायचं, शालूची जर आणि चेहरा दोन्ही कसे सांभाळायचे, हळदीच्या पिवळ्या पडद्यासमोर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कसा धरायचा, हे शिकवणारा एक दिवस जर आपल्याकडे झाला तर पुढच्या लग्नसराईत शेकडो मुली आपल्या अल्बममध्ये स्वतःला ओळखतील. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या लॅब एका गोऱ्या बाईच्या फोटोवरून, शर्ली कार्डवरून, रंग जुळवत असत. ती फिल्म गेली. आपल्या हातातली सवय मात्र राहिली आहे.

आणि कायदा. मी परवा आमच्या बैठकीत विचारलं, ऑर्डरीत काढलेल्या लग्नाच्या फोटोचा कॉपीराइट कुणाचा? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, आपला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे आपण आपल्या पेजवर टाकतो, स्टुडिओच्या काचेवर लावतो, त्यातला बराचसा भाग लेखी परवानगीशिवाय टाकायचा आपल्याला हक्कच नाही. दुसरीकडे, आपण आपल्या मनाने काढलेला फोटो, नदीचा, वारीचा, बाजाराचा, तो आपला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा हक्क आपल्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. आणि कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी कलम ५७ प्रमाणे हा फोटो मी काढला असं म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याचाच. माझा पालखीचा एक फोटो दोन निवडणुकांत तीन वेगवेगळ्या फ्लेक्सवर झळकला, नाव कुठेच नाही, आणि मी गप्प बसलो, कारण आपलं काही चालतं हेच मला माहीत नव्हतं. बुकिंगच्या पावतीच्या मागे दोन वाक्यं छापली तर यातला निम्मा घोळ मिटतो. ती दोन वाक्यं एखाद्या वकिलाकडून मराठीत लिहून घेऊन प्रत्येक सभासदाला देणं हे संघटनेचं काम आहे, एकट्या स्टुडिओवाल्याचं नव्हे. ड्रोनचंही तसंच. २०२१ ची नियमावली आल्यापासून २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि लग्नाच्या हॉलवर रोज उडणाऱ्या किती जणांकडे ते आहे हे तुम्हालाही माहीत आहे.

हे काही तरी नवं, शहरी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर मुंबईचाच इतिहास सांगतो. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, हिंदुस्थानातली पहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते आणि स्वतः फोटो काढून मांडत होते. सोसायटीने आपलं नियतकालिक काढलं, प्रदर्शनं भरवली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले धंदेवाईक फोटोग्राफर झाले. काचेवर रसायन ओतून, ते वाळायच्या आत फोटो काढायचा तो काळ. तरी त्या माणसांनी दोन-तीन वर्षांत संस्था, वर्ग, बातमीपत्र आणि भिंत अशा चारही गोष्टी उभ्या केल्या. आपल्याकडे संस्था आहेत, जवळपास प्रत्येक तालुक्यात. बाकीच्या तीन गोष्टी राहिल्या.

भिंतीबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

मुंबईत जहांगीर कलादालन आहे, एनसीपीए या कलाकेंद्रात फोटोंसाठी पिरामल गॅलरी आहे. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक. इथे प्रदर्शनं लागतात, मी वर्षातून तीन-चार वेळा एसटीने जाऊन बघतो. बहुतेक भिंतींवर वारी, किल्ले, कासची फुलं, वाघ. सुंदर असतात, त्या लोकांनी कष्ट घेतलेले असतात. पण ज्या कामावर महाराष्ट्रातल्या हजारो फोटोग्राफरांचं घर चालतं ते काम मला त्या भिंतींवर दिसत नाही. पाठवणीच्या वेळी गाडीच्या काचेवर टेकलेला बापाचा हात. दहाव्याला लावायच्या फोटोसाठी ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला चेहरा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पंख सावरत विंगेत उभी असलेली परी. हे आपण रोज काढतो, पार्टीला देऊन टाकतो आणि हार्ड डिस्कमध्ये पुरतो.

गेल्या वर्षी आम्ही सात जणांनी स्वतःच्या पैशाने एक प्रयोग केला. गावच्या वाचनालयाचा वरचा हॉल दोन दिवस घेतला. प्रत्येकाने सहा फोटो द्यायचे, १२ बाय १८ इंची प्रिंट, आणि ज्यांचे फोटो त्यांची लेखी परवानगी. फ्रेमला पैसे नव्हते म्हणून सुतळी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी लटकवले. पहिल्याच तासात चुका कळल्या. चकचकीत कागद घेतला होता, ट्यूबलाइट त्यात असा चमकायचा की चेहरा बघायला माणसाला वाकावं लागे. दुपारच्या दमट हवेने प्रिंट वळल्या. पुढच्या वेळी मॅट कागद आणि मागे पुठ्ठा, हे सगळ्यांनी लिहून घेतलं.

पण लोक आले. वाचनालयात पेपर वाचायला येणारे आले, खाली भाजी विकणाऱ्या मावशी पाटी झाकून वर आल्या. आमच्यातला एक जण, चाळीस वर्षं लग्नं काढलेला, अबोल माणूस. त्याचा एक फोटो होता: मांडवात मागे, भांड्यांच्या ढिगाशेजारी एक आचारी दोन मिनिटं पाय पसरून बसलाय, डोळे मिटलेले, आणि समोर धूसर मंगलाष्टकांची गर्दी. तो स्वतः त्या प्रिंटसमोर येऊन उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मी हे काढलं होतं हे मला आठवतच नव्हतं. मोठं कधी बघितलंच नाही ना." मग दुसऱ्या एकाने त्याला सांगितलं की डावीकडून बोटभर कापला असता तर आचारी आणखी एकटा दिसला असता. दोघं अर्धा तास त्यावर बोलले. चाळीस वर्षांत त्याच्या फोटोबद्दल त्याच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. त्या अर्ध्या तासाचं शिक्षण कुठलंच वर्कशॉप देत नाही.

नारायण विनायक विरकर यांचं नाव आपल्या किती सभासदांनी ऐकलं आहे? मुंबईत स्टुडिओ चालवणारा मराठी माणूस, आपल्यासारखाच. १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन त्यांनी भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढले. भिंतीतल्या भोकांशेजारी माणसं उभी आहेत. तो पुरावा आज जगापुढे आहे तो एका स्टुडिओवाल्यामुळे. आपल्या तालुक्यातही असं काही पेट्यांमध्ये पडलेलं असेल. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या काकांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा पत्र्याच्या तीन ट्रंका निघाल्या, १२० नंबरच्या रुंद फिल्मच्या निगेटिव्हनी भरलेल्या, तपकिरी पाकिटांवर नंबर आणि आडनाव. एक ट्रंक उघडली तर व्हिनेगरचा उग्र वास आला. तो वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट कुजायला लागल्याची खूण, आणि एका पाकिटातून तो शेजारच्या पाकिटाला लागतो. दोन ट्रंका वाचल्या. अशा ट्रंका भंगारात जाण्याआधी त्यांची यादी करणं, वास येणारं वेगळं काढणं, उरलेलं कोरड्या जागी ठेवून हळूहळू स्कॅन करणं, हे आपल्या तरुण सभासदांना एका पावसाळ्यात जमण्यासारखं आहे. पावसाळ्यात तिथी कमी असतात, काम नसतं, आणि १९ ऑगस्टही तेव्हाच येतो.

बातम्यांचंही थोडं बोलतो. आपल्या ग्रुपवर रोज दीडशे मेसेज पडतात. वाढदिवस, गुड मॉर्निंग, "बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) विकणे आहे", "उद्या कुणी मोकळं आहे का". त्यात कामाची खबर कधी दिसत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो ही १९५५ पासूनची स्पर्धा आहे आणि तिला प्रवेश फी नाही, हे आपल्या वृत्तपत्रांना फोटो पुरवणाऱ्या सभासदांनाही माहीत नाही. उलट फी भरून पदकं आणि नावापुढची अक्षरं मिळवण्याच्या स्पर्धांचे मेसेज मात्र बरोबर पोचतात. हैदराबादचा इंडियन फोटोग्राफी फेस्टिव्हल २०१५ पासून भरतो, आमच्याकडून एका रात्रीच्या गाडीवर. चेन्नईची फोटो बिएनाले (ठरावीक वर्षांनी भरणारं मोठं प्रदर्शन) २०१६ पासून आहे आणि ती शहराच्या सार्वजनिक जागांत फोटो नेते. पणजीला २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो, तिथेही फोटोंची दालनं असतात. कोल्हापूर-सांगलीहून गोवा काही लांब नाही, सहलीला आपण जातोच. प्रत्येक संघटनेने एका वाचणाऱ्या सभासदाकडे हे काम द्यावं: दर सोमवारी एक मेसेज, मराठीत, त्यात अर्जांच्या शेवटच्या तारखा, जवळपास लागलेली प्रदर्शनं, कायद्यातला बदल. त्या दिवशी ग्रुप इतर मेसेजना बंद.

आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये तो चालतो का, चालत नसेल तर काय लागेल, हे संघटनेच्या लेटरहेडवर विचारा. आणि महिलांना आत घ्या. डोहाळजेवण, बारसं, नवजात बाळांचे फोटो, हळदीच्या आतल्या खोलीतलं काम आज कितीतरी मुली उत्तम करतात, पण आपल्या सभासद यादीत त्यांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि स्टेजवर त्यांचं काम ओवाळणीचं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, आणि सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

खर्चाचा प्रश्न येणार, म्हणून माजी खजिनदार म्हणून सांगतो. स्मृतिचिन्हं आणि फ्लेक्स या दोन रकमा यंदापुरत्या बाजूला काढा. आमच्या वहीप्रमाणे त्यात सहज ५० प्रिंट, पुठ्ठे आणि चार पानी छापील पत्रिका बसते. सत्कारमूर्तींना शालीऐवजी त्यांच्याच एका फोटोची मोठी प्रिंट द्या आणि ती आधी दिवसभर भिंतीवर लावा. प्रमुख पाहुण्यांना भाषणाऐवजी त्या भिंतीवरून एक फेरी मारायला सांगा. संध्याकाळी पाहुणे गेले की फक्त आपण आपण थांबू, चटई टाकू, आणि एकेका फोटोवर मोकळेपणाने बोलू.

आमच्या गावचा हॉल मी यंदा १८ आणि १९ ऑगस्टसाठी माझ्या नावाने धरून ठेवला आहे. भाडं भरलंय. सुतळी बदलून तार आणलीय, मॅट कागदाचा दर लॅबवाल्याशी ठरवलाय, परवानगीचा मराठी मसुदा तयार आहे, ज्यांना हवा त्यांना देतो. ओल्या फोटोंचं पानही छापून ठेवलंय, त्याच्या ५०० प्रती. शेजारच्या तालुक्यांच्या अध्यक्षांना विनंती की १० ऑगस्टपर्यंत प्रत्येक सभासदाकडून एक फोटो मागवा. किल्ला नको, वारी नको. लग्नातला, शाळेतला, स्टुडिओतला, ज्या कामाचे आपण पैसे घेतले त्यातलाच एक, ज्यांचा आहे त्यांची सही घेऊन. दाराजवळची भिंत मी असिस्टंट पोरांसाठी ठेवली आहे, त्यांनी मोबाइलवर काढलेले चालतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृष्णाकाठचा एक स्टुडिओवाला